विर्सुंग, फाटर, ऑडी आणि इतर मंडळी

गेली काही वर्षे मी वैद्यकीय माहितीपत्रकांचे मराठीत भाषांतर करते. रुग्णाच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या हाती द्यायची चार-आठ पानी पत्रके असतात, ती. या कामात सर्वात जास्त अडवतात ती रोगांची लांबलचक नावे नव्हेत. त्यांवर काही ना काही तोडगा निघतो. अडवतात ती माणसांची नावे. मध्यंतरी स्वादुपिंडाच्या दाहाविषयीचे एक पत्रक समोर होते. त्यातील एका परिच्छेदात, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील जेमतेम बोटभर जागेचे वर्णन करताना, तीन माणसे ओळीने उभी होती : विर्सुंगची वाहिनी, फाटरची कुंभिका आणि ऑडीचा संकोचक स्नायू. स्वादुपिंडातून पाचकरस आणणारी नळी, ती पित्तवाहिनीला जिथे मिळते तो फुगीर भाग आणि त्या संगमाचे तोंड आवळून धरणारा स्नायू, एवढाच त्याचा अर्थ. संपादकांनी समासात लिहिले होते, "ही नावे गाळावीत. रुग्णाला त्यांचा काय उपयोग?"

प्रश्न रास्त होता. तरीही नावे खोडण्याआधी ही माणसे कोण होती हे पाहावे, असे मला वाटले आणि त्या तिघांपासून सुरू झालेली चौकशी पुढे बरीच लांबली. शरीरातील एखाद्या भागाला कोणाचे नाव असले, तर त्याने तो शोधला आणि त्याचे कार्य जगाला समजावले, अशी माझी समजूत होती. ती बहुतेक बाबतींत चुकीची निघाली. ज्यांची नावे टिकली, त्यांच्यापैकी कित्येकांना आपण नेमके काय पाहतो आहोत याची कल्पना नव्हती. काहींनी तर तसे स्पष्टपणे लिहूनही ठेवले आहे.

योहान गेओर्ग विर्सुंग हा मूळचा जर्मन, पण तो काम करत होता इटलीतील पाडुआ येथे. २ मार्च १६४२ रोजी फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेताचे विच्छेदन करताना स्वादुपिंडाच्या लांबीभर पसरलेली एक नळी त्याला दिसली. स्वादुपिंड हा अवयव प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होता. मात्र जठर आणि त्यामागच्या रक्तवाहिन्या यांना आधार देणारी ती एक गादी असावी, असा समज शतकानुशतके चालत आला होता. गादीला नळी कशासाठी असेल? विर्सुंगने त्यावर ग्रंथ लिहिला नाही. त्याने तांब्याच्या पत्र्यावर त्या नळीचे चित्र कोरून घेतले, त्याचे छाप काढले आणि ते युरोपातील नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञांकडे पाठवून दिले. पॅरिसच्या जाँ रिओलाँ यांना लिहिलेल्या पत्रात त्याने विचारले आहे की, हिला धमनी म्हणावे की शीर, कारण हिच्यात रक्त तर आपल्याला कधी आढळले नाही, आढळला तो गढूळ द्रव. ज्या माणसाचे नाव या नळीला पुढे कायमचे चिकटले, त्याचा तिच्याविषयीचा लिखित वारसा म्हणजे एक चित्र आणि एक प्रश्न.

उत्तर येण्यापूर्वीच, ऑगस्ट १६४३ मध्ये, रात्रीच्या वेळी त्याच्या घराच्या दाराशीच त्याचा गोळी घालून खून झाला. पुढे काही वर्षांनी मोरिट्झ होफमन याने दावा केला की, पाडुआत विद्यार्थी असताना आपण ही नळी १६४१ मध्येच एका पक्ष्याच्या शरीरात पाहिली होती आणि आपणच ती विर्सुंगला दाखवली होती. दाव्याला विरोध करायला विर्सुंग हयात नव्हता. तरीही नाव त्याचेच राहिले आणि मला वाटते त्याला कारण तो तांब्याचा पत्रा आहे. पाहिले असे म्हणणारे दोघे असू शकतात, पण चित्र एकाचेच होते.

त्या नळीतून काय वाहते याचा प्रत्यक्ष छडा लागायला आणखी वीसेक वर्षे गेली. १६६४ मध्ये रेनिअर द ग्राफ या तरुण डच वैद्यकाने जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंड वाहिनीत पिसाची पोकळ दांडी बसवून तिच्यातून झिरपणारा रस बाटलीत गोळा केला. तो रस अन्नातील स्निग्ध पदार्थांवर नेमके काय करतो, हे क्लोद बर्नार यांनी दाखवले ते थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. म्हणजे ज्याने पाहिले, ज्याने रस काढला आणि ज्याने अर्थ लावला, ती माणसे तीन, आणि पहिला व तिसरा यांच्यामध्ये दोन शतके. नळीवर नाव पहिल्याचे.

फाटर आणि ऑडी यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. अब्राहाम फाटर हा जर्मनीतील विटेनबर्गचा. त्याने १७२० मध्ये दोन नळ्यांच्या संगमाजवळच्या उंचवट्याचे वर्णन केले. रुज्जेरो ऑडी हा मात्र १८८७ मध्ये इटलीत वैद्यकाचा विद्यार्थी होता. पित्ताशय काढून टाकलेल्या प्राण्यांत पित्तवाहिनी फुगते, याचा अर्थ तिच्या तोंडाशी काहीतरी अडवणूक करणारे असले पाहिजे, असा तर्क करून त्याने त्या स्नायूचा माग काढला आणि तो किती दाब सहन करू शकतो हेही मोजले. तेथील वर्तुळाकार तंतू इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५४ मध्येच नोंदवले होते. परंतु ऑडीने त्या स्नायूला काम नेमून दिले, म्हणून या तिघांत मला तोच नावाचा खरा हक्कदार वाटतो.

स्वादुपिंडाचा विषय निघालाच आहे, तर पाउल लांगरहान्सला टाळून पुढे जाता येत नाही. या लेखातील माझा आवडता माणूस तोच. बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असताना, १८६८ मध्ये, त्याने सुवर्णक्षाराने रंगवलेल्या त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या पेशी पाहिल्या आणि त्या चेतासंस्थेच्या असाव्यात असे मानले. ते चूक होते. या पेशी रोगप्रतिकारशक्तीचा भाग आहेत, हे समजायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी सादर केलेल्या प्रबंधात त्याने सशाच्या स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना मांडली. त्या अवयवात पाचकरस स्रवणाऱ्या पेशींच्या मधोमध, ०.१ ते ०.२४ मिलिमीटर व्यासाचे, वेगळ्याच लहान पेशींचे पुंजके विखुरलेले आहेत, असे त्याने नोंदवले. त्यांचे कार्य काय, याबद्दल त्याने कोणतीही पुडी सोडली नाही. आपल्याला ते ठाऊक नाही, असेच लिहिले. प्रबंध म्हटला की काहीतरी निष्कर्ष काढून दाखवण्याचा मोह कोणालाही होतो. त्या वयात तो आवरणे सोपे नसावे.

त्याला पुढे क्षयाने गाठले. हवापालटासाठी तो मदेइरा या अटलांटिक महासागरातील बेटावर गेला, तिथे रुग्ण तपासत राहिला, समुद्रातील कृमींचा अभ्यास करत राहिला आणि १८८८ मध्ये, चाळिशीत, वारला. त्यानंतरच्याच वर्षी मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो हे दाखवले. १८९३ मध्ये एदुआर लागेस या फ्रेंच संशोधकाने ते पुंजके शरीरात अंतर्गत स्राव सोडत असावेत असे सुचवले आणि त्यांना 'लांगरहान्सची बेटे' असे नाव दिले. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी त्या बेटांतील स्राव वेगळा काढला. त्याचे इन्शुलिन हे नाव लॅटिनमधील बेट या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. बेटांना नाव ज्याचे लाभले तो स्वतः बेटावर मरण पावला, हा योगायोग आहे आणि मी त्याला योगायोगाहून अधिक महत्त्व देणार नाही. पण भाषांतर करताना तो शब्द आला की तो आठवतोच.

आता भाषांतरकाराच्या दृष्टीने सर्वात गमतीचे नाव. अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना आपण मराठीत अंडवाहिनी किंवा बीजवाहिनी म्हणतो. डॉक्टर मंडळी मात्र फॅलोपियन ट्यूब म्हणतात. गाब्रिएले फालोप्पिओ हा पाडुआचाच प्राध्यापक. १५६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या अवयवाचे वर्णन केले आणि त्याचे रुंदावत गेलेले, झालरीसारखे तोंड पाहून त्याला 'तुबा' म्हटले. लॅटिनमध्ये तुबा म्हणजे पितळी तुतारी. हा शब्द इतर भाषांत जाताना तुतारीची नळी झाली, कारण 'तुबा' आणि नळी या अर्थाचा 'तुबुस' हे शब्द कानाला जवळचे वाटतात. फालोप्पिओने आकार सांगितला होता. त्यातून कल्पनेचा घाट निघून गेला आणि एक सर्वसाधारण पाइप उरला. मराठीने तर आकार पूर्णपणे बाजूला ठेवून कामावरून नाव दिले : अंड वाहून नेणारी. पण हे काम फालोप्पिओला ठाऊक असणे शक्यच नव्हते. माणसाच्या किंवा कोणत्याही सस्तन प्राण्याच्या मादीत अंडपेशी असते, हेच तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. तो १५६२ मध्ये वारला, तेव्हा त्याने चाळिशीही गाठलेली नव्हती.

अंडपेशीच्या शोधातही नेमकी हीच गोष्ट पुन्हा घडली. वर ज्याचा उल्लेख आला त्याच द ग्राफने १६७२ मध्ये अंडाशयातील पुटिकांचे वर्णन केले आणि ती अख्खी पुटिका म्हणजेच अंडे, असे मानले. पुटिका फुटल्यानंतर नळीत जे सापडते ते पुटिकेपेक्षा फारच लहान असते, हे सशांच्या विच्छेदनांत त्याच्या लक्षात आले होते, पण त्याचा मेळ त्याला घालता आला नाही. पुढच्याच वर्षी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. खरी अंडपेशी कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांना १८२७ मध्ये एका कुत्रीच्या अंडाशयात, पुटिकेच्या आत, दिसली. आज पाठ्यपुस्तकात ग्राफियन पुटिका असते. ज्याने चुकीचे अनुमान काढले त्याचे नाव तिथे आहे, आणि ज्याने अंडपेशी पाहिली त्या फॉन बेअर यांचे नाव तिला नाही.

याहून गुंतागुंतीचा प्रकार यकृतात सापडतो. कार्ल फॉन कुफर यांनी १८७६ मध्ये सुवर्णक्षाराने रंगवून यकृतात तारकेसारख्या पेशी पाहिल्या. पुढे त्यांनी याच पेशींचा संबंध रक्तातील बाह्य कण गिळणाऱ्या पेशींशी जोडला आणि त्या भक्षक पेशींनाच कुफर पेशी म्हणण्याची प्रथा पडली. प्रत्यक्षात त्यांनी मूळ पाहिलेल्या तारका या पूर्णपणे वेगळ्या, मेद आणि अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या पेशी होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यास जपानमध्ये तोशिओ इतो यांनी त्यांचे नव्याने वर्णन केल्यामुळे त्या इतो पेशी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि १९७१ मध्ये केंजिरो वाके यांनी दाखवून दिले की, कुफर यांना १८७६ मध्ये दिसल्या त्या याच. थोडक्यात, कुफर यांचे नाव शेजारच्या घरावर लागले आणि त्यांच्या स्वतःच्या घरावर दुसऱ्याची पाटी चढली. नाव बदलण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

या सर्वांच्या उलट उदाहरण म्हणजे टॉमस विलिस. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे असते त्याला विलिसचे वर्तुळ म्हणतात. ते पाहणारा तो पहिला नव्हता. त्याच्याआधी इतर काहींनी ते कमीअधिक अचूकपणे रेखाटले होते. परंतु १६६४ च्या आपल्या ग्रंथात त्याने एका माणसाच्या शवविच्छेदनाची हकिकत दिली आहे. त्या माणसाच्या मानेतील एका बाजूची मुख्य धमनी बंद झालेली होती, तरी हयातीत त्याला पक्षाघात झालेला नव्हता. विलिसने ताडले की, एक वाट बुजली तरी या कड्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त मेंदूला पोचते. ग्रंथातील आकृत्या काढायला त्याच्याबरोबर ख्रिस्तोफर रेन होता, जो पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी म्हणून प्रसिद्ध झाला. असे चित्र आणि असा अर्थ एकत्र आल्यावर 'पहिला कोण' हा वाद आपोआप मागे पडला असावा.

मग ही नावे देते कोण? लांगरहान्सप्रमाणेच बहुधा दुसरे कोणीतरी, आणि बहुतेक वेळा नंतर. बार्तोलोमेओ एउस्ताकीने कानापासून घशाच्या मागच्या भागापर्यंत जाणाऱ्या नळीचे वर्णन सोळाव्या शतकात केले, पण तिला युस्टेशियन हे नाव मिळाले ते १७०४ मध्ये, आंतोनिओ व्हाल्साल्व्हा याच्या कानावरील ग्रंथातून. याच एउस्ताकीने १५५२ पर्यंत ४७ ताम्रचित्रे तयार करवून घेतली होती. त्यांतील आठच त्याच्या हयातीत छापली गेली; उरलेली दीडशे वर्षे विस्मृतीत पडून होती आणि १७१४ मध्ये लान्चिसी यांनी ती उजेडात आणली. ती वेळेवर छापली गेली असती, तर एउस्ताकीच्या नावावर आणखी किती भाग लागले असते, हा विचार मनात येतो. कवटीच्या तळाशी असलेल्या, चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या चेतेच्या गुच्छिकेला गासरचे नाव आहे. ते आंटोन हिर्श या त्याच्या विद्यार्थ्याने १७६५ मधील आपल्या प्रबंधात, गुरूविषयीच्या आदरापोटी दिले. गासरने स्वतः त्याबद्दल काही छापले नव्हते. मेंदूच्या मध्यातून जाणाऱ्या खाचेला रोलांडोचे नाव फ्रान्सच्या लरे यांनी १८३९ मध्ये दिले, मात्र तिची नोंद व्हिक द'अझीर यांनी त्याच्या कितीतरी आधी केली होती.

श्रेयावरून भांडणेही भरपूर झाली. निल्स स्टेन्सन बावीस वर्षांचा असताना, १६६० मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करत होता. गालातील लालाग्रंथीची वाहिनी त्याला सळई घालताना अकस्मात सापडली. तो ज्यांच्याकडे राहून शिकत होता, त्या ब्लासियस यांनी हा शोध आपला असल्याचे जाहीर केले आणि त्यावरून दोघांत चांगलीच जुंपली. नाव अखेरीस विद्यार्थ्याला मिळाले. डेन्मार्कच्या बार्टोलिन घराण्यात वाद नाही, गोंधळ आहे : आजोबा कास्पर, मुलगा टोमास आणि नातू पुन्हा कास्पर, तिघेही शरीररचनाशास्त्रज्ञ. बार्टोलिनच्या ग्रंथी त्यांपैकी नातवाच्या, १६७७ च्या. आणि हृदयातील विद्युत्संदेश वाहणाऱ्या तंतूंच्या जुडग्याचे नाव तर भाषांतरकाराला खड्ड्यात घालणारे आहे. ते विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञाच्या १८९३ मधील वर्णनावरून पडले. पण रोमन लिपीतील हे आडनाव इंग्रजीत 'त्याचा' असे वाचले जाते. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मसुद्यात 'त्याचा गठ्ठा निकामी झाल्यास' असे वाक्य होते आणि कोणाचा गठ्ठा, असा प्रश्न कोणालाही पडला नव्हता.

या पसाऱ्याला कंटाळून शरीररचनाशास्त्रज्ञांनीच व्यक्तिनामे हद्दपार करण्याचे ठरवले, यात नवल नाही. १८९५ मध्ये बाझेल येथे पहिली अधिकृत नामावली तयार झाली, तेव्हा निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे ५०,००० नावे प्रचलित होती आणि ती ५,००० च्या आसपास आणली गेली, असे सांगितले जाते. जांघेतील एकाच बंधाला कोणी पुपारचे नाव देई, कोणी फालोप्पिओचे, तर कोणी व्हेसालिउसचे, आणि हे सर्व लोक एकमेकांची पुस्तके वाचत. १९५५ मध्ये पॅरिस येथे मान्य झालेल्या नामावलीत व्यक्तिनामांना स्थान राहिले नाही. १९९८ च्या सुधारित नामावलीनेही वर्णनात्मक नावांचाच आग्रह धरला. तरीही शस्त्रक्रियागृहात आणि रुग्णाच्या कागदांवर ऑडी आणि विलिस नांदत आहेतच. हृदयातील ज्या गाठीतून ठोका सुरू होतो, तिला एकेकाळी कीथ आणि फ्लॅक यांची नावे होती; ती मात्र वापरातून खरोखर गेली.

वर्णनात्मक नाव स्वभावतःच अधिक शास्त्रीय, ही भूमिका मला पूर्वी पटत असे. मराठी परिभाषाही मुख्यतः याच वाटेने गेलेली आहे : स्वरयंत्र, अन्ननलिका, पित्ताशय. पण वर्णनात्मक नाव देण्यासाठी त्या भागाचे कार्य ठाऊक असावे लागते, आणि ठाऊक आहे असे वाटत असताना ते चुकीचे असेल, तर ती चूक नावात कायमची बसते. मेंदूच्या खाली असलेल्या ज्या ग्रंथीला आपण पीयूषिका म्हणतो, तिचे पाश्चात्त्य नाव पिट्युइटरी हे कफ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, कारण मेंदूतील कफ तिच्यातून नाकात उतरतो असे मानले जाई. आर्टरी या शब्दाचेही तसेच. ज्या मूळ ग्रीक शब्दावरून तो आला तो श्वासनलिकेलाही लावला जात असे, कारण प्रेतात धमन्या रिकाम्या आढळत आणि त्यांतून हवा वाहते असा समज होता; श्वासनलिकेच्या ट्रॅकिया या नावाचा अर्थ 'खडबडीत धमनी'तला 'खडबडीत' एवढाच उरला आहे. लांगरहान्सने १८६९ मध्ये आपल्या पुंजक्यांना कामावरून नाव देण्याचे ठरवले असते, तर त्याला ते शोधून, बहुधा चुकीचे, द्यावे लागले असते. 'लांगरहान्सची बेटे' या नावात कार्याविषयी कोणताच दावा नाही. म्हणूनच १९२१ नंतर ते बदलावे लागले नाही.

व्यक्तिनामांविरुद्धचा सर्वात गंभीर आक्षेप निराळा आहे. फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिकांच्या अस्तरात गदेच्या आकाराच्या काही पेशी असतात. माक्स क्लारा यांनी १९३७ मध्ये त्यांचे वर्णन केले, त्यामुळे त्या क्लारा पेशी झाल्या. क्लारा नाझी पक्षाचे सदस्य होते आणि संशोधनासाठी त्यांनी नाझी राजवटीने मृत्युदंड दिलेल्या कैद्यांच्या ऊती वापरल्या होत्या. हे तपशीलवार समोर आल्यावर श्वसनविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकांनी २०१३ पासून त्या पेशींना त्यांच्या आकारावरून क्लब पेशी म्हणायचे ठरवले. हा निर्णय योग्यच होता, असे मला वाटते. मात्र त्यानंतर विर्सुंगचे चित्र मला पूर्वीसारखे पाहता येत नाही. तो फाशी गेलेला माणूसही संमती देऊन टेबलावर आलेला नव्हता, आणि अशा कित्येक प्रेतांवर सोळाव्या-सतराव्या शतकांतील शरीररचनाशास्त्र उभे आहे. पाउल ब्रोका यांनी १८६१ मध्ये मेंदूतील वाणीचे केंद्र दाखवले ते ज्याच्या मेंदूत, त्या रुग्णाला 'तान' या एका ध्वनीपलीकडे फारसे काही बोलता येत नसे. त्याचे आडनाव लबोर्न्य होते, पण शास्त्रीय वाङ्मयात तो दीर्घकाळ तान म्हणूनच वावरला. त्या भागाचे नाव अर्थातच ब्रोका यांचे.

असे नामकरण आता थांबले असावे, असे मी धरून चालले होते. २०१३ मध्येच, क्लारा हे नाव उतरवले जात असताना, नॉटिंगहॅम विद्यापीठाचे हरमिंदर सिंग दुआ यांनी डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, आजवर वेगळा न ओळखलेला एक अत्यंत पातळ थर असल्याचे जाहीर केले. दान मिळालेल्या डोळ्यांच्या कॉर्नियात हवेचे बुडबुडे सोडून त्यांनी तो अलग करून दाखवला होता. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला कंसात 'दुआचा थर' म्हटले आणि त्यावरून नेत्रतज्ज्ञांत मतभेद झाले. काहींच्या मते तो स्वतंत्र थर नसून त्यावरच्या ऊतींचाच सर्वात खालचा पदर आहे. काहींना थर मान्य आहे, नाव नाही. स्वतःचे नाव स्वतःच देण्याची रीत नव्हती, हा आक्षेप मलाही रास्त वाटतो. मात्र डेसेमे आणि बोमन यांच्या पडद्यांमध्ये तिसरे नाव बसू पाहत आहे, हे पाहून थोडे कुतूहलही वाटते.

पत्रकाचे काय केले, ते सांगायचे राहिले. विर्सुंग आणि फाटर यांना मी गाळले. रुग्णाला त्यांची गरज नव्हती, हे संपादकांचे म्हणणे बरोबर होते. ऑडीला मात्र ठेवले, कारण त्या रुग्णाच्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी हाच शब्द लिहिलेला असणार आणि पत्रकात तो सापडला नाही तर तो नवाच काही आजार आहे, अशी धास्ती त्याला वाटू शकते. त्यामुळे वाक्य असे झाले : "पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जिथून आतड्यात उतरतो, ते तोंड आवळणारा एक लहान स्नायू असतो, डॉक्टर त्याला ऑडीचा स्नायू म्हणतात." संपादकांनी त्यातील 'लहान' काढले आणि बाकीचे ठेवले.